स्वामी रामानंद तीर्थ : एका संन्याशाचे राजकारण

आमच्या ह्या पत्रात जी चरित्रे छापली जातात, ती बहुतकरून मंडळीच्या सेवकांची असतात. आज ज्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते ख्रिस्ती नव्हते. ते हिंदू संन्यासी होते, वेदान्ताचे अभ्यासक होते, आणि अखेरपर्यंत त्याच मार्गाने चालले. तथापि नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत हे चरित्र वाचले जावे, असे आम्हांस मनापासून वाटते. त्याचे कारण प्रथम सांगतो.

आपला हा प्रदेश धर्मनिष्ठ आहे. नांदेडास गोदावरीच्या काठी शिखांचे हुजूर साहेब आहे. १७०८ साली गुरु गोविंदसिंह ह्यांचा अंत तेथेच झाला. माहूरच्या डोंगरावर रेणुकेचे ठाणे आहे, कंधारास दर्गा आहे, माळेगावास खंडोबाची यात्रा भरते. येथील शेतकरी पेरणी करितो तो देवाचे नाव घेऊन, आणि शेजाऱ्याशी भांडतो तोही पुष्कळदा देवाचेच नाव घेऊन. ज्या मुलखात लोकांच्या मनावर धर्माची एवढी सत्ता असते, तेथे राज्य करू पाहणारा मनुष्य धर्माचे वस्त्र पांघरून येतो, हा जुना अनुभव आहे. निजामशाहीत असे झाले, आजही होते. निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांचे हस्तक उपदेशकाच्या दाराशी येतात, आणि तुमच्या मंडळीत मते किती, असे विचारतात. गरीब उपदेशकाने त्यांस काय उत्तर द्यावे? धार्मिक मनुष्याने राजकारणापासून अगदी दूर राहावे काय? आणि त्यात शिरावयाचे झाल्यास धर्म घराच्या खुंटीस टांगून जावे, की त्याचे निशाण करून खांद्यावर घ्यावे? ह्या प्रश्नांवर स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचे चरित्र फार उपयोगी पडते.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी ह्या गावी झाला. शिक्षण सोलापुरास झाले. घरची स्थिती बेताची, परंतु मुलगा विचारी व हट्टी होता. १९२० च्या ऑगस्टात लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा ह्या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशाची सेवा करावयाची, असा निश्चय केला. त्या वयातील निश्चय पुष्कळ जण करितात व विसरतात. हा विसरला गेला नाही. पुढे गांधीजींच्या असहकाराची हाक आली, तेव्हा त्याने सरकारी शाळा सोडली. अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत व नंतर पुण्याच्या टिळक महाविद्यालयात त्याचे उरलेले शिक्षण झाले.

विद्यार्थिदशा संपल्यावर व्यंकटेश खेडगीकर मुंबईस मजुरांचे पुढारी ना. म. जोशी ह्यांच्या हाताखाली काम करू लागले. गिरणीतील मजूर कसा राहतो, काय खातो, कर्जात कसा बुडतो, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. परंतु शरीराने साथ दिली नाही. अर्धांगवायूच्या विकाराने त्यांना अंथरुणास खिळविले, आणि पुष्कळ दिवस त्यांच्या पायांत बळ राहिले नाही. सेवेचे व्रत घेतलेल्या तरुणास परमेश्वर कधीकधी आधी अंथरुणावर निजवितो व मग उठवितो. मंडळीच्या इतिहासातही अशी उदाहरणे आढळतात.

प्रकृती थोडी सुधारल्यावर १९२९ साली ते हिप्परगा ह्या खेड्यात आले. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. त्या काळी ते निजामाच्या राज्यात होते. तेथे व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी ह्यांनी १९२१ साली एक राष्ट्रीय शाळा काढली होती. व्यंकटेश खेडगीकर त्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. मुंबईत राहिलेला, मोठ्या पुढाऱ्यांच्या सहवासात वावरलेला मनुष्य एका आडगावी येऊन मुलांस शिकवू लागला, ही गोष्ट आमच्या शाळामास्तरांनी लक्षात घेण्याजोगी आहे. हिप्परग्यास असतानाच त्यांनी स्वामी नारायणतीर्थ ह्यांच्याकडून संन्यासाची दीक्षा घेतली, आणि रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. घर, नाते, जात व मालमत्ता ह्यांच्याशी असलेला संबंध त्या दिवशी तुटला.

आता लोकांची अपेक्षा अशी, की संन्याशाने मठात बसावे, नाहीतर हिमालयात जावे. स्वामीजी शाळेतच राहिले. पुढे १९३५ साली ते आपल्या सोबत्यांसह मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, गेले व तेथील योगेश्वरी विद्यालयात शिकवू लागले. अंगावर भगवे वस्त्र आणि हातात मुलांच्या वह्या, असा हा संन्यासी होता.

पुढील हकीकत समजण्यासाठी त्या वेळच्या राज्याची स्थिती सांगणे अवश्य आहे. हैदराबादचे राज्य हिंदुस्थानातील सर्व संस्थानांत लोकसंख्येने मोठे होते. त्यात सोळा जिल्हे होते; औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे. लातूर हे तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान होते. राजा मुसलमान व प्रजा बहुतांशी हिंदू. कारभाराची भाषा उर्दू, आणि प्रजेची तेलुगू, मराठी व कानडी.

न्यायाने बोलावयाचे तर हा राजा केवळ एकाच धर्माचा पोशिंदा होता, असे म्हणता येत नाही. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयास त्याने देणगी दिली, पुण्याच्या भांडारकर संस्थेसही साहाय्य केले. त्याच्या पूर्वीच्या काळात दिवाण सालारजंग ह्यांनी जालन्याजवळ नारायण शेषाद्री ह्यांना बेथेल ह्या ख्रिस्ती वसाहतीसाठी जमीन दिली होती. तेव्हा आमच्या मंडळीनेही त्या राज्याचे अन्न खाल्ले आहे, हे आम्ही विसरू नये. परंतु राजाने देणग्या देणे निराळे, आणि प्रजेस न्याय देणे निराळे. ह्या राज्यात लोकांनी निवडलेले जबाबदार सरकार नव्हते. सभा भरवावयाची तर आधी परवानगी काढावी लागे. गश्ती निशाण ५३ ह्या नावाचा हुकूम त्यासाठी प्रसिद्ध होता. खेड्यात जहागीरदार व देशमुख ह्यांची सत्ता होती, आणि गावकुसाबाहेरच्या लोकांच्या माथी वेठबिगार होती. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे ह्याच वेठीत राबले, हे सांगावयास नको.

ह्या असंतोषात धर्माचा विस्तव पडला. १९२७ साली हैदराबादेत इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था निघाली. ह्या राज्याची मालकी राज्यातील मुसलमानांकडे आहे, असा सिद्धान्त पुढे ह्या संस्थेने उचलून धरला. मुसलमानांची संख्या वाढावी म्हणून खेड्यांतील अस्पृश्यांस मुसलमान करण्याची चळवळ चालली. तिला उत्तर म्हणून आर्यसमाजाने शुद्धीची चळवळ केली. उदगीर हे त्या समाजाचे मोठे ठिकाण होते; तेथील कार्यकर्ते श्यामलाल हे १९३८ साली बीदरच्या कारागृहात मरण पावले. आर्यसमाजाची गाऱ्हाणी खोटी नव्हती. उपासनेवर व प्रचारावर निर्बंध होतेच. परंतु ह्या ओढाताणीत एक मोठे पाप घडत होते. गावकुसाबाहेरच्या मनुष्यास कोणत्या देवाची तहान लागली आहे, हे कोणी विचारीना. शिरगणतीच्या वेळी तो कोणत्या रकान्यात पडेल, एवढेच दोन्ही पक्षांस पाहिजे होते. आत्म्याचे मोल मोजण्याऐवजी डोकी मोजली जात होती. ज्यांनी बाप्तिस्मा घेताना लोकांचे टोमणे सोसले, त्या आमच्या वाचकांस ह्यातील दुःख कळेल.

अशा वेळी स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात उतरले. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी महाराष्ट्र परिषद नावाची संस्था काढली होती. तिचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे, आणि दुसरे १९३८ साली लातूर येथे भरले. स्वामीजी ह्या संस्थेचे चिटणीस झाले. त्याच १९३८ साली सर्व भाषांच्या कार्यकर्त्यांनी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरविले. परंतु ती जन्मास येण्यापूर्वीच, सप्टेंबर महिन्यात, सरकारने तिच्यावर बंदी घातली. कारण असे दाखविण्यात आले, की ही संस्था जातीय आहे, म्हणजे ती हिंदूंचीच आहे.

वाचकांनी ह्या आरोपाकडे लक्ष द्यावे. सरकारच्या दृष्टीने तो फार सोयीचा होता. पुढारी भगव्या वस्त्रातला, अनुयायी बहुतेक हिंदू, आणि राजा मुसलमान. मग हे धर्माचे भांडण नव्हे तर काय, असे म्हणावयास कितीसा वेळ लागतो? स्वामीजींच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने कदाचित हा आरोप मनातून स्वीकारला असता, कारण धर्माची आरोळी ठोकली की माणसे लवकर जमतात. लोकसत्ता, जबाबदार राज्यपद्धती, सभेचे स्वातंत्र्य हे शब्द खेड्यातील मनुष्यास समजावून सांगावे लागतात. देव संकटात आहे, हे समजावून सांगावे लागत नाही. स्वामीजींनी अवघड मार्ग धरिला. आपले भांडण राजाच्या धर्माशी नाही, प्रजेस अधिकार न देणाऱ्या राज्यपद्धतीशी आहे, आणि ते अधिकार मुसलमान प्रजेसही तितकेच मिळावयाचे आहेत, ही भूमिका त्यांनी धरिली व सोडली नाही.

ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी गोविंदराव नानल ह्यांची होती. तीन दिवसांनी स्वामीजींनी सत्याग्रह केला, आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच सुमारास आर्यसमाजाचा व हिंदुमहासभेचाही सत्याग्रह चालू होता. तिन्ही चळवळींचे लोक त्याच रस्त्यांनी जात, त्याच कचेऱ्यांपुढे उभे राहत, त्याच कारागृहांत पडत. खेड्यातील मनुष्यास त्यांतील भेद दिसेना, आणि सरकारास तो दाखविण्याची इच्छा नव्हती. तेव्हा गांधीजींनी सल्ला दिला, की स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवावा, नाहीतर राजकीय हक्कांची मागणी धर्माच्या कलहात बुडून जाईल. त्याप्रमाणे डिसेंबर १९३८ मध्ये सत्याग्रह तहकूब झाला.

शेकडो माणसे कारागृहात, लोकांचा उत्साह भरात, आणि अशा वेळी पाऊल मागे घ्यावयाचे! कित्येक कार्यकर्त्यांस हे फार लागले. स्वामीजी तर तुरुंगातच होते. परंतु सुटून आल्यावर त्यांनी हाच निर्णय पुढे चालविला, व पुढील काही वर्षे पुनःपुन्हा वर्ध्याजवळ सेवाग्रामास जाऊन गांधीजींचा विचार घेतला. जमाव वाढतो आहे म्हणून तो योग्य दिशेने चालला आहे, असे त्यांनी मानिले नाही. अरण्यात सोन्याचे वासरू केले तेव्हाही लोकांचा उत्साह मोठाच होता, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे.

१९४० साली स्वामीजींनी काही निवडक सोबत्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला. पुन्हा कारावास झाला. १९४२ साली देशभर चळवळ उठली. स्वामीजी पुन्हा आत गेले, ते १९४३ च्या अखेरपर्यंत. ज्याने संसार सोडला त्यास तुरुंगाचे काय दुःख, असे कोणी म्हणेल. परंतु त्यांचे शरीर आधीच दुखण्याने खचलेले होते, आणि निजामाचे तुरुंग संन्याशासाठी काही मऊ केलेले नव्हते. १९४६ च्या जुलैत काँग्रेसवरील बंदी उठली. अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली, तीत स्वामीजी बूर्गुल रामकृष्णराव ह्यांच्यावर थोड्याशा मतांनी विजयी झाले. मवाळ पक्षास त्यांचा आग्रहीपणा आवडत नसे. कष्टकरी वर्गातील तरुणांस तोच आवडे.

येथे दुसऱ्या एका मनुष्याचा उल्लेख केला पाहिजे. लातूर येथे सय्यद कासीम रझवी नावाचे एक वकील होते. १९४६ च्या अखेरीस ते इत्तेहादचे अध्यक्ष झाले, आणि रझाकार नावाचे सशस्त्र दल त्यांच्या हाताखाली वाढले. एकाच टापूत वावरलेले हे दोन पुढारी. दोघेही धर्माचे अभिमानी, दोघेही बोलण्यात प्रभावी, दोघांच्याही मागे तरुण माणसे जीव द्यावयास तयार. परंतु एकाने आपल्या धर्मातून स्वतःसाठी दारिद्र्य, संयम व कष्ट घेतले. दुसऱ्याने आपल्या धर्माच्या नावे इतरांवर सत्ता मागितली. दोष इस्लामाचा होता, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचे तरुण मुसलमान संपादक होते. राज्याने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी आपल्या पत्रात निर्भयपणे लिहिले, आणि त्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून करण्यात आला. तेव्हा सत्यासाठी मरणारा त्या समाजातही होता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. निजामाने मात्र स्वतंत्र राहण्याचा बेत केला. त्याच दिवशी स्वामीजींना पकडण्यात आले. नोव्हेंबरात निजाम व भारत ह्यांच्यात जैसे थे करार झाला, तेव्हा ते सुटले. आणि १९४८ च्या जानेवारीत पुन्हा पकडले गेले. पुढील महिने मराठवाड्याने फार भयंकर पाहिले. त्याआधीच, ऑक्टोबर १९४६ मध्ये, नांदेड जिल्ह्यातील बिलोलीजवळ अर्जापूर येथे काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे ह्यांचा खून झाला होता. आता गावेच्या गावे रझाकारांच्या भीतीने ओस पडू लागली.

स्टेट काँग्रेसनेही सरहद्दीवर छावण्या उघडल्या, व तेथील तरुणांनी शस्त्रे हाती घेतली. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे ज्या दिवशी दिल्लीस गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक ह्या तरुणांनी लुटली. स्वामीजी तेव्हा कारागृहात होते. परंतु छावण्या त्यांच्याच संघटनेच्या होत्या, म्हणून हा भार त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. लुटीतील पैशाचा चोख हिशेब ठेवण्यात आला, ही गोष्ट खरी, आणि ती त्या माणसांचा प्रामाणिकपणा दाखविते. तरीसुद्धा ज्यांनी बागेत पेत्राची तरवार म्यानात परत जाताना पाहिली, त्या प्रभूच्या शिष्यांस हा मार्ग पटणार नाही. चरित्र सांगणाऱ्याने थोर मनुष्याच्या आयुष्यातील अवघड जागा लपवू नये.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य राज्यात शिरले, आणि १७ सप्टेंबरास निजाम शरण आला. स्वामीजी मुक्त झाले. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, आणि तो पाळावा हे योग्य आहे. परंतु त्या दिवसानंतर काय घडले, हेही सांगितले पाहिजे. रझाकारांचा सूड म्हणून निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल ह्यांच्या प्रमुखत्वाखाली एक समिती पाठविली. तिने खेडोपाडी फिरून जो अहवाल दिला, त्यात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावी, असा अंदाज आहे. आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाली, असे म्हटले आहे. म्हणजे आज ज्या गावांत आमच्या आराधना भरतात, त्याच मुलखात हे रक्त सांडले. हा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवण्यात आला होता. २०१३ साली तो लोकांपुढे आला. आपल्या मुसलमान शेजाऱ्यास घरात लपवून वाचविणारे हिंदूही होते, ह्याची साक्षही त्याच समितीने दिली आहे.

ह्यावरून वाचकांस स्वामीजींच्या भूमिकेचे मोल कळेल. दहा वर्षे ते सांगत आले, की हे भांडण राज्यपद्धतीशी आहे, शेजाऱ्याशी नाही. जेथे हे ऐकले गेले, तेथे दारे उघडून शेजाऱ्यास आत घेतले गेले. जेथे ऐकले गेले नाही, तेथे स्वातंत्र्याच्याच पहिल्या पंधरवड्यात विहिरी प्रेतांनी भरल्या. रझाकारांनी आपल्या धर्माचे नाव घेऊन मारले. सूड घेणाऱ्यांनी आपल्या धर्माचे नाव घेऊन मारले. नावे दोन होती, पाप एकच होते.

राज्य बदलल्यावर अधिकाराच्या जागांसाठी धावपळ सुरू झाली. सर्वांत अधिक सोसलेल्या पुढाऱ्याने मंत्रिपद घेतले असते तर कोणीही बोट दाखविले नसते. स्वामीजींनी कोणतेही मंत्रिपद घेतले नाही. ते १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादेहून लोकसभेवर निवडून गेले. कुळांस जमिनीचा हक्क मिळावा, जहागिरी जाव्या, आणि हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी होऊन मराठी भाग महाराष्ट्रात यावा, ह्यासाठी ते झटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य मोडले, आणि १ मे १९६० रोजी मराठवाडा महाराष्ट्र राज्यात आला. विनोबांच्या भूदान चळवळीतही त्यांनी काम केले. पुढे त्यांनी निवडणुकांचे राजकारण सोडून शिक्षण व खादी ह्यांत लक्ष घातले. १९५० साली नांदेडास जे पीपल्स कॉलेज निघाले, ते त्यांच्याच पुढाकाराने.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे देहावसान झाले. मागे घर नव्हते, शेत नव्हते, पुत्र नव्हता. १९९४ साली नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले, त्यास त्यांचे नाव देण्यात आले. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासही त्यांचेच नाव आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेले पी. व्ही. नरसिंह राव १९९१ साली भारताचे पंतप्रधान झाले. नांदेड-लातूरकडील आमच्या मंडळ्यांतील कित्येक मुलांमुलींच्या पदवीपत्रावर आज ह्या संन्याशाचे नाव छापलेले असते. परंतु तो कोण होता, हे त्या मुलांस विचारिले तर बहुतेकांस सांगता येत नाही.

आता ह्या चरित्राचा आपणांस काय उपयोग, ते थोडक्यात सांगतो. तारण कर्मसंन्यासाने होत नाही, ते प्रभू येशूच्या कृपेने होते, अशी आमची श्रद्धा आहे, आणि ह्या बाबतीत स्वामीजींचा व आमचा मार्ग एक नाही. परंतु देवाने कोरेशाकडूनही आपले काम करून घेतले. तेव्हा परक्या मनुष्यापासून शिकण्यात कमीपणा नाही.

पहिली गोष्ट अशी, की धार्मिक मनुष्याने गावच्या कारभाराकडे पाठ फिरविणे हा धर्म नव्हे. नाबोथाचा द्राक्षमळा हिरावला गेला तेव्हा एलीया मंदिरात बसून राहिला नाही. आमच्या गावांत रेशन कोणास मिळते, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव चढते, पाणवठ्यावर कोणास अडविले जाते, ह्या गोष्टी देवाच्या न्यायाच्या आहेत. उपदेशकाने त्यांत तोंड उघडावे, आणि ते केवळ आपल्या मंडळीच्या माणसासाठी नव्हे. शेजारच्या मुसलमानावर किंवा मातंगावर अन्याय झाला, आणि आम्ही गप्प राहिलो, तर आमचे राजकारण डोकी मोजण्याचेच राहिले.

दुसरी गोष्ट. मंडळी ही कोणाच्याही मतांची पेढी नाही. किती मते आहेत असे विचारावयास जो येईल, त्यास उपदेशकाने नम्रपणे सांगावे, की आमच्या येथे इतकी कुटुंबे आहेत, इतकी मुले शाळेत जातात, इतकी घरे गळतात. मत ज्याचे त्याचे आहे, आणि ते देवाला साक्ष ठेवून द्यावयाचे आहे. सभागृहाच्या छपरासाठी पत्रे मिळतात म्हणून सर्वांची मते एका पदरात टाकणे, हे कैसराचे कैसरास देणे नव्हे. जे देवाचे आहे ते कैसरास विकणे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. आम्ही ह्या मुलखात थोडे आहोत. थोड्या लोकांस भय असते, आणि भयाने मनुष्य एखाद्या बलवानाच्या आश्रयास जातो. कोणी येऊन म्हणतो, अमक्या धर्माचे लोक तुमचे शत्रू, आमच्या मागे या. दुसरा येऊन त्याच्या उलट सांगतो. स्वामीजींच्या काळी गावकुसाबाहेरच्या माणसास असेच दोन्हीकडून ओढले गेले, आणि अखेरीस कोणीही त्याची वेठ सोडविली नाही. आपण कोणाच्याही भयाचे भांडवल होऊ नये. गावात तंटा पेटला तर ख्रिस्ती घराचे दार दोन्ही पक्षांच्या जखमी माणसास उघडे असावे. १९४८ साली ज्या घरांची दारे उघडली, त्यांची नावे पुष्कळांस ठाऊक नाहीत. देवास ती ठाऊक आहेत.

येत्या १७ सप्टेंबरास गावोगाव झेंडावंदन होईल. आमच्या बंधुभगिनींनी त्यास अवश्य जावे. त्या आठवड्यातील उपासनेत मराठवाड्यासाठी प्रार्थना करावी. ज्यांनी स्वातंत्र्यासाठी सोसले त्यांच्याकरिता उपकारस्तुती करावी, आणि ज्या निरपराध हिंदूंचे व मुसलमानांचे रक्त ह्या काळ्या मातीत मुरले, त्यांच्या वंशजांस शांती मिळावी म्हणून विनंती करावी. मुलांस हे चरित्र सांगावे. आणि जे आमचे उपदेशक बंधू आडगावी, थोड्या पगारावर, वह्या तपाशीत व वचन सांगत आयुष्य वेचीत आहेत, त्यांनी हिप्परग्याच्या त्या मुख्याध्यापकाची आठवण ठेवून धीर धरावा. प्रभू त्यांचे हात बळकट करो.